घरच्या बागेतील कांदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या बागेत कांदा लावणाऱ्यांच्या अडचणी वरवर पाहता वेगवेगळ्या असतात. कोणाचा कांदा धरत नाही, कोणाच्या रोपांना डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, तर कोणाचा काढलेला कांदा महिनाभरात सडू लागतो. या साऱ्यांच्या मुळाशी बहुधा वेळेचे गणित असते. पेरणी, पानांची वाढ, कांदा पोसणे आणि काढणी यांचा हवामानाशी मेळ बसला की खतपाण्यातील किरकोळ उणिवा हे पीक सहज सोसते. तो मेळ चुकला तर उत्तम खताचाही फारसा उपयोग होत नाही. पुढील उत्तरांमध्ये म्हणूनच हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

पात जोमदार वाढली, पण खाली कांदा का धरला नाही?

कांदा केव्हा धरायचा हे रोप प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवरून ठरवते. प्रत्येक वाणाची एक किमान मर्यादा असते. दिवसाचा उजेड त्या मर्यादेपेक्षा अधिक तास मिळू लागला की नवी पाने येणे मंदावते आणि असलेल्या पानांचे तळ फुगू लागतात. कमी दिवसमानाच्या वाणांना त्यासाठी साधारण १० ते १२ तास, मध्यम दिवसमानाच्या वाणांना १२ ते १४ तास आणि दीर्घ दिवसमानाच्या वाणांना १४ ते १६ तास उजेड लागतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस सुमारे १२ तासांचाच असतो, त्यामुळे तेथे दीर्घ दिवसमानाचा वाण लावला तर तो कितीही महिने ठेवला तरी पातीखेरीज काही देणार नाही. उलट चूकही होते. दूर उत्तरेकडील किंवा दक्षिणेकडील प्रदेशात उन्हाळ्याच्या तोंडावर कमी दिवसमानाचा वाण लावला, तर रोप चार-पाच पानांचे असतानाच त्याला कांदा धरण्याचा इशारा मिळतो आणि हाती लिंबाएवढे कांदे येतात.

कांद्याचा आकार अशा प्रकारे पानांवर अवलंबून असतो. आपण ज्याला कांद्याच्या पाकळ्या म्हणतो, ते मुख्यतः हिरव्या पानांचे फुगलेले तळ असतात, आणि त्यांच्या आत पाते न फुटलेली काही मांसल पाने असतात. कांदा धरू लागण्याच्या क्षणी रोपावर जितकी अधिक आणि जितकी मोठी पाने असतील, तितका कांदा पोसायला वाव मिळतो. म्हणून लागवडीची तारीख ठरवताना काढणीकडून मागे मोजणे शहाणपणाचे ठरते: आपल्या भागात दिवस त्या वाणाला हवा तितका मोठा केव्हा होतो ते पाहावे आणि त्याआधी पानांच्या वाढीसाठी पुरेसे थंड, उजेडाचे आठवडे मिळतील अशा बेताने रोप लावावे.

उष्णता आणि दाटी यांचाही यात वाटा असतो. हवा तापली की कांदा लवकर धरतो, आणि रोपे फार दाट असली की एकमेकांच्या सावलीमुळेही तो लवकर धरू लागतो. फार दाट वाफ्यातील कांदे लहान राहण्याचे हे एक कारण आहे. अन्नासाठीची चढाओढ हे दुसरे.

माझ्या भागाला कोणता वाण चालेल, हे कसे ठरवावे?

आपले ठिकाण कोणत्या अक्षांशावर आहे, हे प्रथम पाहावे. विषुववृत्तापासून सुमारे ३० अंशांपर्यंत कमी दिवसमानाचे वाण, साधारण ४० अंशांच्या पलीकडे दीर्घ दिवसमानाचे वाण आणि मधल्या पट्ट्यात मध्यम दिवसमानाचे वाण हा ढोबळ नियम आहे. २० अंशांवर वर्षभरात दिवस सुमारे ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान फिरतो, तर ५० अंशांवर तोच सुमारे ८ तासांपासून १६ तासांच्या पुढे जातो. बियांच्या पाकिटावर दिवसमानाचा उल्लेख नसेल, तर आजूबाजूच्या शेतांत वर्षानुवर्षे पिकणारा वाण निवडावा. दूरच्या प्रदेशातून कुतूहलापोटी मागवलेले देखणे बी बहुधा निराश करते.

रंगाचा दिवसमानाशी काही संबंध नाही. लाल, पांढरे आणि पिवळे कांदे तिन्ही गटांत आढळतात.

बी पेरावे, तयार रोपे लावावीत की लहान कंद लावावेत?

तिन्ही मार्गांनी कांदा येतो, पण घरच्या बागेसाठी बियांपासून गादीवाफ्यावर रोपे करून ती लावणे मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्यात वाणाची निवड आपल्या हाती राहते, कमकुवत रोपे लागवडीच्या वेळीच बाजूला काढता येतात आणि मुख्य वाफा आणखी सहा-सात आठवडे दुसऱ्या पिकासाठी मोकळा मिळतो. बी थेट वाफ्यात पेरले तर रोपे हलवावी लागत नाहीत, पण सुरुवातीचे अनेक आठवडे त्या केसाएवढ्या बारीक रोपांमधून तण वेचण्याचा चिकाटीचा उद्योग करावा लागतो.

आदल्या हंगामात मुद्दाम दाट पेरून लहान ठेवलेले कंद लावणे सर्वांत सोपे असते आणि पीकही लवकर तयार होते. मात्र अशा कंदांमधून डेंगळे येण्याचा धोका अधिक असतो, आणि तो कंदाच्या आकाराबरोबर वाढतो. सुमारे दोन सेंटीमीटरपेक्षा मोठे कंद पातीसाठी वेगळे काढावेत आणि कांद्यासाठी लहान कंदच वापरावेत.

गेल्या वर्षीचे उरलेले बी चालेल का?

कांद्याचे बी भाजीपाल्याच्या बियांमध्ये अल्पायुषी समजले जाते. उबदार, दमट हवेत ते एका वर्षातच बरीच उगवणशक्ती गमावते. ओल्या कागदात वीस बिया गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. दहा दिवसांत निम्म्याही उगवल्या नाहीत तर नवे बी आणणे बरे.

रोपे कशी तयार करावीत?

जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर उंच असा गादीवाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. बोटाने उथळ रेघा ओढून त्यांत बी सुमारे एक सेंटीमीटर खोल, विरळ पेरावे आणि वर चाळलेल्या खताचा पातळ थर द्यावा. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात सात ते दहा दिवसांत उगवण होते. उगवणारा कोंब प्रथम गुडघ्यासारखा वाकलेला असतो आणि नंतर सरळ होतो, त्यामुळे वरची माती घट्ट झाली की तो अडकून पडतो. झारीने हलके पाणी देण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो.

या अवस्थेत रोपे सर्वाधिक मरतात ती बुंध्याशी बुरशी लागून कोलमडल्यामुळे. दाट पेरणी, सतत ओलसर पृष्ठभाग आणि कोंडलेली हवा ही त्यामागची कारणे आहेत, आणि औषधापेक्षा ती कारणे दूर करण्याने अधिक रोपे वाचतात. पेरणीपूर्वी मातीत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळल्यानेही मदत होते.

रोप लागवडीला तयार झाले, हे कसे ओळखावे? त्याची पात कापावी का?

पेरणीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी रोप १५ सेंटीमीटरच्या आसपास उंच होते आणि त्याचा बुंधा तीन-चार मिलिमीटर जाड होतो. ही योग्य वेळ समजावी. पेन्सिलीएवढी जाड झालेली, जुनी रोपे लावू नयेत, कारण पुढे थंडी पडल्यास तीच आधी डेंगळ्यावर जातात. लांब पात लागवडीनंतर लोळत असेल, तर वरचा एक तृतीयांश भाग छाटण्यास हरकत नाही. त्याने पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. मुळे मात्र कापण्याचे कारण नाही. काढण्याआधी वाफ्याला पाणी द्यावे, म्हणजे ती तुटत नाहीत.

माती कशी असावी आणि रोपे किती अंतरावर लावावीत?

कांद्याची मुळे उथळ असतात. त्यांचा बहुतेक पसारा वरच्या २० ते ३० सेंटीमीटर मातीत राहतो, त्यांना फांद्या कमी फुटतात आणि केशमुळे जवळजवळ नसतात. त्यामुळे पाण्याचा निचरा करणारी आणि तरीही ओल धरणारी भुसभुशीत माती त्यांना मानवते. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असावा. चिकण माती असेल तर उंच वाफे करून त्यांत भरपूर कंपोस्ट घालणे हा खात्रीचा उपाय आहे, कारण अशी माती वाळून आवळली की कांदा वेडावाकडा पोसतो.

दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवले, तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ६५ रोपे बसतात. फार मोठे कांदे हवे असतील तर अंतर वाढवावे. रोप इतकेच खोल लावावे की मुळे झाकली जातील आणि ते उभे राहील. खोल लावलेले रोप जगते, पण त्याचा कांदा लांबट होतो आणि मान, म्हणजे कांदा व पात यांच्यामधला भाग, जाड राहते. वाफा दिवसातून किमान सहा तास थेट उन्हात असावा. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत फक्त पात होते.

कुंडीत कांदा येतो का?

येतो. २० ते २५ सेंटीमीटर खोलीचे, तळाला भोके असलेले पसरट भांडे घ्यावे. उंच अरुंद कुंडीपेक्षा ते अधिक उपयोगी पडते. कुंडी लवकर सुकते आणि उथळ मुळांना तो ताण सहन होत नाही, म्हणून कडक उन्हात रोज ओल तपासावी लागते. जागा अगदीच थोडी असल्यास मी कुंडीत पातीचा कांदा घेण्याचा सल्ला देईन. त्याला दिवसमानाची अट नसते आणि रोपे तीन-चार सेंटीमीटरवरही लावता येतात.

पाणी किती आणि केव्हापर्यंत द्यावे?

पावसासह आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर पाणी, हे प्रमाण मध्यम हवामानाला पुरते. हलक्या जमिनीत आणि उष्णतेत अधिक लागते. हे पाणी दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. एकदा वाफा कडक वाळू देऊन नंतर तुडुंब भरला, तर बाहेरच्या पाकळ्या तडकतात आणि जोड कांदे (दोन-तीन भागांत विभागलेले कांदे) वाढतात. कांदा पोसण्याच्या काळात पाण्याचा ताण सर्वाधिक महागात पडतो.

माना वाकून पात पडू लागली की पाणी तोडावे. या टप्प्यावर दिलेल्या पाण्याने कांदा थोडा जड होईल, पण त्याची मान ओली राहते, साली नीट वाळत नाहीत आणि साठवणीत कुज शिरते.

खत कोणते आणि केव्हा द्यावे?

लागवडीपूर्वी दर चौरस मीटरला तीन-चार किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मातीत मिसळावे. ताजे शेण टाळावे. त्याने माशीवर्गीय किडी आकर्षित होतात आणि मुळेही पोळतात. त्यानंतर नत्राचा (नायट्रोजनचा) पहिला हप्ता लागवडीनंतर तीन आठवड्यांनी आणि दुसरा सुमारे सहा आठवड्यांनी द्यावा. गांडूळखत, पेंड किंवा नत्रयुक्त रासायनिक खत यांपैकी काहीही चालते. वेळ मात्र पाळावी लागते: कांदा धरू लागला की नत्र थांबवावे. उशिरा मिळालेल्या नत्रामुळे रोप पाने काढत राहते, मान जाड होते आणि ती वेळेवर पडत नाही. बागेत भेट देणाऱ्यांना अशी हिरवीगार पात कौतुकाची वाटते, पण काढणीच्या तोंडावर ती चांगली खूण नव्हे.

तणांचा इतका बाऊ का केला जातो?

तो रास्त आहे. कांद्याची पाने उभी आणि नळीसारखी असल्यामुळे त्यांची सावली जमिनीवर पडत नाही आणि तणांना दाबणारे काहीच राहत नाही. लागवडीनंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे वाफा स्वच्छ ठेवला, तर पुढचे तण फारसे नुकसान करत नाही. खुरपणी अगदी वरवर करावी, कारण खोल खुरपल्यास मुळे तुटतात. वाळलेल्या गवताचे पातळ आच्छादन उपयोगी पडते. कांदा पोसू लागल्यावर ते बुंध्यापासून बाजूला सारावे.

कांदा मातीवर उघडा दिसतो आहे, त्याला मातीची भर द्यावी का?

नाही. पिकणारा कांदा अर्ध्याहून अधिक मातीच्या वर असणे स्वाभाविक आहे. भर दिल्यास मान ओलसर राहून सडते.

डेंगळे का येतात आणि आल्यावर काय करावे?

कांदा हे द्विवर्षायू पीक आहे: पहिल्या वर्षी कंद आणि थंडीनंतर दुसऱ्या वर्षी फूल, असा त्याचा क्रम असतो. रोप पुरेसे मोठे झाल्यावर त्याला काही आठवडे सुमारे १० अंशांखालील थंडी लागली, तर ते एक वर्ष सरले असे समजून फुलाचा दांडा काढते. कोवळ्या रोपावर त्याच थंडीचा असा परिणाम होत नाही. म्हणूनच फार लवकर पेरलेल्या बियांची आणि मोठ्या कंदांची रोपे डेंगळ्यावर अधिक जातात. वाणावाणांतही यात मोठा फरक असतो.

दांडा दिसताच मोडून टाकला तरी कांदा पूर्ववत होत नाही, कारण त्याच्या मधोमध कठीण देठ तयार झालेला असतो. असा कांदा लगेच काढून वापरावा. साठवणीत तो टिकत नाही.

एका कांद्याचे दोन-तीन भाग का होतात?

जोड कांदे हा बराचसा वाणाचा गुण असतो. त्याशिवाय अनियमित पाणी, गरजेपेक्षा जास्त अंतर आणि वाढीच्या शेंड्याला झालेली इजा यांमुळेही ते वाढतात. चवीत फरक नसतो, मात्र ते आधी संपवावेत.

पानांवर चंदेरी पांढरट ओरखडे दिसतात, हा रोग आहे का?

हे फुलकिड्यांचे काम आहे. एक-दीड मिलिमीटर लांबीचे हे पिवळसर तपकिरी कीटक पानांच्या बेचक्यात लपतात आणि पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. कोरड्या, उष्ण हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. मधली पाने अलगद फाकवून पाहिल्यास ते दिसतात.

थोड्या रोपांसाठी पहिला उपाय पाण्याचा आहे: झारीने किंवा नळीने बेचक्यात जोराचा फवारा मारल्यास बरेच कीटक धुतले जातात. त्यानंतर सायंकाळच्या वेळी निंबोळी अर्काची फवारणी आठवड्याच्या अंतराने करावी. कांद्याचे पान मेणचट असल्याने फवारा घरंगळून जातो, म्हणून त्यात थोडे साबणाचे द्रावण मिसळावे लागते. निळे चिकट सापळे संख्येचा अंदाज देतात. केवळ त्यांवर विसंबून कीड आटोक्यात येत नाही. पीक शेवटच्या टप्प्यात असेल आणि ओरखडे मोजकेच असतील, तर काहीही न करणे हाही योग्य निर्णय आहे.

पाने करपतात किंवा बुडाकडून सड लागते, तेव्हा काय करावे?

पानांवर जांभळट मध्य आणि पिवळी कडा असलेले लांबट ठिपके दिसले, तर तो बहुधा जांभळा करपा असतो. तो ओल्या पानांवर आणि दमट, उबदार हवेत पसरतो. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे, दाटी कमी करावी आणि रोगट पाने बागेबाहेर टाकावीत. थंड, दमट हवेत पानांवर राखाडी लव दिसल्यास तो केवडा समजावा; काळजी तीच.

बुडाकडील रोग अधिक गंभीर असतात. पाने टोकाकडून पिवळी पडून रोप सहज उपटून आले आणि तळाशी पांढरी बुरशी दिसली, तर ती फ्युजेरियम सड किंवा पांढरी सड असू शकते. दुसऱ्या प्रकारात बुरशीत मोहरीपेक्षाही बारीक काळे दाणे दिसतात, आणि ते मातीत वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात. अशा जागी पुन्हा कांदा किंवा लसूण लावू नये आणि तेथील माती अवजारांबरोबर दुसऱ्या वाफ्यात जाणार नाही याची दक्षता घ्यावी. निरोगी वाफ्यातही कांदा-लसणाच्या कुळातील पीक तीन-चार वर्षांतून एकदाच घ्यावे.

कांदा काढणीला तयार झाला, हे कसे कळते? माना हाताने मोडाव्यात का?

नवी पाने येणे थांबले की मान आतून पोकळ आणि मऊ होते व पातीच्या भाराने आपोआप वाकते. निम्म्याहून अधिक रोपांच्या माना पडल्या की आठवडाभरात कोरड्या दिवशी काढणी करावी. माना हाताने किंवा पायाने मोडण्याची पद्धत टाळावी. पात जोवर हिरवी आहे तोवर तिच्यातील अन्न कांद्यात उतरत असते; मोडलेल्या पातीतून ते नीट उतरत नाही आणि जखमेतून बुरशीला वाट मिळते.

सुकवणे आणि साठवणे यांत नेमके काय साधायचे असते?

मान बंद होणे आणि बाहेरच्या साली कागदासारख्या कोरड्या होणे. काढलेले कांदे पातीसह, एका थरात, खेळत्या हवेच्या सावलीत १० ते १४ दिवस पसरावेत. कडक उन्हात ते भाजतात आणि त्या जागा पुढे मऊ पडून कुजतात. मान बोटांत दाबली असता आतून ओलसर लागली नाही, की दोन-तीन सेंटीमीटर मान ठेवून पात कापावी किंवा पातीची वेणी घालून कांदे टांगावेत. जाड मानेचे, तडकलेले, जोड आणि डेंगळ्यांचे कांदे वेगळे करून आधी वापरावेत.

साठवणीबाबत एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. कांदा ० ते २ अंश सेल्सिअसला टिकतो आणि २५ ते ३० अंशांनाही बऱ्यापैकी टिकतो. त्याला कोंब फुटण्याचा धोका सर्वाधिक असतो तो मधल्या, १० ते २० अंशांच्या पट्ट्यात. त्यामुळे उबदार प्रदेशात अर्धवट गार तळघर शोधण्यापेक्षा हवेशीर, कोरडी, सावलीची जागा बरी. आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी. बटाट्यांशेजारी कांदे ठेवू नयेत, कारण बटाट्यांतून सुटणारी ओल त्यांना बाधते.

काही कांदे तिखट आणि काही गोडसर का होतात?

तिखटपणा गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. कांदा चिरताना पेशी फुटतात, त्यांतील विकर (एन्झाइम) या संयुगांवर क्रिया करते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. गंधक कमी असलेल्या मातीत आणि भरपूर पाण्यावर वाढलेला कांदा सौम्य होतो, तर उष्ण हवेत आणि पाण्याच्या ताणात तो तिखट होतो. बाकीचे वाणावर अवलंबून असते. सौम्य कांद्यांत पाण्याचा अंश जास्त असल्याने ते कमी टिकतात. बागेत दोन्ही लावायचे असतील तर सौम्य कांदा आधी खाण्यासाठी आणि तिखट कांदा साठवणीसाठी, अशी विभागणी सोयीची पडते.

स्वयंपाकघरात कोंब फुटलेला कांदा लावला तर नवा कांदा येईल का?

पात येईल आणि बहुधा फुलाचा दांडाही येईल. जुना कांदा आपले अन्न त्यासाठी खर्च करून आक्रसतो, आणि आत दोन-तीन कोंब असल्यास वेगवेगळ्या फुटी निघतात. ताज्या पातीसाठी हा उद्योग छान आहे, कांद्यासाठी नव्हे.

घरच्या घरी बी धरता येईल का?

संकरित वाणाचे बी धरण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. सरळ (संकरित नसलेला) वाण असेल तर साठवलेल्या कांद्यांतून उत्तम आकाराचे, पातळ मानेचे आणि शेवटपर्यंत कोंब न फुटलेले कांदे मातृकंद म्हणून निवडून थंड हंगामात लावावेत. त्यांच्या दांड्यावर पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे येतात. एकाच फुलातील परागकण स्त्रीकेसराआधी पक्व होत असल्याने परागीभवन मुख्यतः परक्या फुलांवरून, मधमाश्यांच्या मार्फत होते. म्हणून दोन-तीन कांद्यांवर भागत नाही. किमान २० तरी मातृकंद लावावेत, नाहीतर पुढच्या पिढ्यांत जोम घटतो. आसपास एक किलोमीटरच्या आत दुसरा वाण फुलत असेल तर मिसळ होण्याची शक्यता राहते. गोंड्यातील बोंडे फुटून काळे दाणे दिसू लागले की ते दांड्यासह कापून कागदी पिशवीत वाळवावेत, चोळून बी वेगळे करावे आणि हवाबंद डब्यात कोरड्या, थंड जागी ठेवावे. लहान बागेला एका हंगामासाठी चिमूटभरच बी लागते, त्यामुळे स्वतःचा जुना वाण जपायचा नसेल तर एवढा वाफा अडवून ठेवण्यापेक्षा दरवर्षी ताजे बी घेणे मला अधिक व्यवहार्य वाटते.